कान चिघळतो तो निकेलमुळे

आखाजीच्या सुमारास जळगावच्या सराफ बाजारात कानातले घ्यायला आलेल्या कुटुंबांत एक तक्रार हमखास ऐकू येते : मुलीला सोने लाभत नाही, घातले की कान चिघळतो. मग कोणी पत्रिका दाखवतो, कोणी दृष्ट काढतो. ग्रहांचा या खाजेशी काहीही संबंध नाही आणि बहुतेक वेळा सोन्याचाही नसतो. धातूंच्या स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीत जगभर पहिला क्रमांक निकेलचा आहे.

अंगावरचा निकेल घनरूपात असेपर्यंत त्वचेला त्याची दखल नसते; मात्र घामातील क्षार आणि लॅक्टिक आम्ल यांमुळे त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटू लागतात, आणि भुसावळचा पारा 45 अंशांकडे सरकतो त्या दिवसांत घामाला तोटा नसतो. हे आयन त्वचेत शिरून प्रथिनांमधील हिस्टिडीन या घटकाला चिकटतात. आपल्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणारे प्रथिन, असतो, ज्याचे मूळ काम काही जिवाणूंच्या आवरणातील रेणू ओळखून धोक्याची सूचना देण्याचे आहे. माणसाच्या या ग्राहकाच्या प्रथिनसाखळीत 456 आणि 458 या स्थानांवर हिस्टिडीन असते व निकेल नेमके तेथेच बसते, असे 2010 मध्ये दाखवण्यात आले. उंदरांच्या टीएलआर-4मध्ये ही हिस्टिडीने नसल्याने त्यांना निकेलची ॲलर्जी सहजासहजी होत नाही. म्हणजे एकही जिवाणू नसताना माणसाचे शरीर जिवाणूंचा हल्ला झाल्यासारखे सावध होते. त्वचेतील पेशी ही खबर लसिका ग्रंथींपर्यंत नेतात, तेथे टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी निकेलची ओळख लक्षात ठेवतात आणि ती स्मृती बहुधा जन्मभर टिकते. पुढच्या वेळी दागिना घातल्यावर पुरळ उठायला एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे रविवारच्या लग्नात घातलेल्या झुमक्यांची खाज मंगळवारी सुटते आणि दोष पंगतीतल्या वांग्याच्या भाजीला दिला जातो.

म्हणून दागिना घेताना धातू किती शुद्ध आहे, यापेक्षा त्यातून घामात काय उतरते हे पाहणे अधिक महत्त्वाचे. 916 हा शिक्का हजारांतले 916 भाग सोने असल्याची हमी देतो, उरलेल्या 84 भागांबद्दल काहीही सांगत नाही. पिवळ्या सोन्यात ते सहसा तांबे आणि चांदी असतात, त्यामुळे ते बहुतेकांना चालते. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकतो, आणि वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला की तो त्वचेला भिडतो. 925 चांदीत उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तर तांबे, जस्त आणि निकेल असतात. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांत पातळ मुलाम्याखाली अनेकदा निकेलचाच थर दिलेला असतो.

316एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये 10 ते 14 टक्के निकेल असूनही पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा त्याला अडवून धरतो. त्यामुळेच युरोपीय नियम धातूतील निकेलच्या प्रमाणाऐवजी त्यातून सुटणारा निकेल मोजतात : दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांसाठी 0.2. ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांनी टायटॅनियम किंवा निओबियम निवडावे. वेष्टनावरच्या ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दावर मात्र विसंबू नये. कोणता धातू वापरला आहे हे तो सांगत नाही.

शंका असल्यास डायमिथिलग्लायॉक्झिम या रसायनाची चाचणी घरीही करता येते. या द्रावणात आणि अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा दागिन्यावर घासला आणि तो गुलाबी झाला, तर निकेल सुटत आहे. ही चाचणी दर्शनी भागाइतकीच फिरकीवर आणि आकड्यावर करावी, कारण कानाच्या आत व पाठीमागे तेच भाग सतत टेकलेले असतात.