खुलासा : व्ही-ट्विन हार्लेनं शोधलेलं नाही

‘व्ही-ट्विन इंजिन म्हणजे हार्ले-डेव्हिडसनचा शोध,’ असं बाइकवेड्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी 1889 मध्येच व्ही आकाराचं दोन सिलिंडरचं इंजिन चारचाकी गाडीवर बसवलं होतं; तेव्हा हार्ले कंपनीच जन्माला यायची होती. मोटारसायकलीतही अमेरिकेच्याच ‘इंडियन’नं 1907 मध्ये रस्त्यावरची व्ही-ट्विन विकायला काढली. हार्लेची आली 1909 मध्ये.

आणि ती चक्क फसली! इंजिन होतं सुमारे 811 सीसीचं, दोन सिलिंडरांमध्ये 45 अंशांचा कोन असलेलं. मेख होती इनटेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण सिलिंडरमध्ये घेणाऱ्या झडपेत. तो उघडायला कॅम, म्हणजे फिरता फिरता व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा, नव्हता. पिस्टन खाली जाताना जी ओढ तयार होई, तिच्या जोरावर हलक्या स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आपसूक उघडायचा. संथ चालणाऱ्या एका सिलिंडरला हे जमून जायचं. वेग वाढला की व्हॉल्व्ह मागे पडायचा. त्यात चाकाकडे जाणारा चामड्याचा पट्टा घसरायचा, तो वेगळाच ताप. वर्षभरात मॉडेल मागे घेतलं. 1911 मध्ये ते परतलं, तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह कॅमनं उघडणारे होते आणि पट्ट्याला ताण देण्याची सोयही होती.

मग हार्लेचं स्वतःचं काय? माझ्या मते, चिकाटी : त्या 45 अंशांच्या मांडणीला धरून राहण्याची. दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) एकाच क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या एकाच खिळीवर, म्हणून स्फोटांमधलं अंतर असमान : क्रँक 315 अंश फिरल्यावर एक, मग 405 अंशांनी दुसरा. ती ओळखीची लंगडी धडधड इथूनच येते.