काळी, पांढरी आणि गावाखालचं गाव

मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन रंग. पीक येतं ती काळी आणि घरं-वाडे उभे असतात ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत ‘काळी-पांढरी’ असा जोडशब्दच येतो. करही वेगळे होते: काळीवर शेतसारा, पांढरीवर मोहतर्फा, म्हणजे घरं, दुकानं आणि कारागिरांवरचा कर. हे नाव काही कविकल्पना नव्हे. काळ्या रानातल्या जुन्या गावठाणाची माती खरोखरच करडी-पांढरी असते, आणि ते गावठाण बहुतेक वेळा भोवतालच्या शेतांपेक्षा उंच असतं.

ही उंची माणसांनी राहून राहून वाढवलेली असते. मातीची भिंत पावसाने खचते, आगीत छप्पर बसतं, पुरात अर्धं घर वाहून जातं. ढिगारा उचलून गावाबाहेर नेण्यापेक्षा तो तिथेच चोपून सपाट करायचा आणि त्यावर नवी जमीन सारवायची, हे सोपं. त्यात रोजची चुलीची राख, शेण, हाडं, फुटकी खापरं, चुन्याचे गिलावे मिसळत जातात. भिंतींची मातीही पुष्कळदा नदीकाठची पिवळसर, चुनखडीचे खडे असलेली. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की काळ्या रानात फिकट रंगाचं टेकाड उभं राहतं. मग दुष्काळ, साथ किंवा लुटीने गाव उठतं. अशा गावाला महसुली दफ्तरात ‘बेचिराख’ म्हणतात. मूळ फारसी शब्द बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. मराठीत त्याच्या शेवटी ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि अर्थ जळालेल्या गावाकडे झुकला. विदर्भात उठलेल्या गावाला रीठ म्हणतात. गावांच्या यादीत नावापुढे ‘रिठी’ लावलेली कितीतरी गावं आजही सापडतात.

टेकाड नैसर्गिक की वस्तीचं, हे ओळखायला फार साधनं लागत नाहीत. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जावं. माती धुऊन निघते आणि खापरं वर येतात. नदीच्या बाजूचा कडा तुटलेला असेल तर त्यात राखेचे करडे पट्टे, जळक्या मातीचे तांबडे पट्टे आणि सारवलेल्या जमिनींच्या बारीक, टणक रेघा एकाखाली एक दिसतात. पातळ, तांबूस-नारिंगी, वर काळ्या रंगात तिरप्या रेघांची नक्षी असलेलं आणि टिचकी मारल्यावर खणखण वाजणारं खापर मिळालं तर ते बहुधा जोर्वे पद्धतीचं, म्हणजे तीन हजार वर्षं किंवा त्याहून जुनं. सोबत गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांबट, धारदार पातीही सापडतात. रुंद, जाडजूड भाजक्या विटा असतील तर काळ सातवाहनांच्या आसपासचा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा धरायला हरकत नाही.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठचं गाव. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदलं आणि एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. मग नेवाशाची पाळी आली. मराठी वाचकाला नेवासे ठाऊक असतं ते ज्ञानेश्वरीमुळे. पण तिथल्या पांढरीत ताम्रपाषाणयुगापासूनचे, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरत होता तेव्हापासूनचे थर निघाले. तिथल्या एका लहान मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी सुती-रेशमी धाग्यात ओवलेले होते. धागा टिकला तो तांब्याच्या क्षारांमुळे. ताम्रपाषाणयुग आणि सातवाहनकाळ यांच्या मध्ये मात्र तिथे कित्येक शतकं माणूस राहिलेलाच नाही.

सगळ्यांत सविस्तर वाचलं गेलेलं टेकाड म्हणजे शिरूर तालुक्यातलं घोडनदीकाठचं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. खालून वर तीन वस्त्या: माळवा संस्कृतीची (इ.स.पू. 1600 ते 1400), पूर्व जोर्वे (1400 ते 1000) आणि उत्तर जोर्वे (1000 ते 700). आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळातली बरीचशी गोल, लहान झोपड्या. हवामान कोरडं होत गेलं आणि शेतीवर जगणारी माणसं गुरांवर जास्त अवलंबून राहू लागली, असं तिथल्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं प्रतिपादन आहे. थरांचा क्रम हाती नसता तर झोपडी आधी आणि वाडा नंतर, असंच कुणीही मानलं असतं.

हा क्रम राखायचा म्हणून टेकाड सरसकट उकरत नाहीत. चौकोनी खड्डे आखतात, दोन खड्ड्यांमध्ये मातीचा बांध तसाच ठेवतात आणि त्या बांधाच्या उभ्या अंगावर थर वाचतात. चिखलाची भिंत आणि तिच्यावर पडलेला चिखलाचा ढिगारा यांत फरक रंगाने कमी आणि हाताला जास्त कळतो: भिंत घट्ट, ढिगारा भुसभुशीत. म्हणून कुदळ फक्त वरच्या थरापुरती. खाली खुरपी आणि ब्रश. एक उभा खोल खड्डा घेतला की कालक्रम मिळतो, पण घराचा आराखडा मिळत नाही. आराखड्यासाठी आडवं, पसरून खोदावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात.

घोटाळा होतो तो खड्ड्यांमुळे. इनामगावात मूल दगावलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवत आणि घरातल्या जमिनीखालीच पुरत. तो खड्डा वरच्या घराचा, पण तळ खालच्या घरात. खड्ड्याचं तोंड कुठल्या जमिनीतून सुरू होतं हे हुकलं, तर मूल दोन-तीनशे वर्षं मागे जातं. पेवांचंही, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेल्या खड्ड्यांचंही तसंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात धान्य टिकत नाही. पेव घालायचं ते पांढरीत नाहीतर मुरमात. (पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो, म्हणून आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवतात. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार याच पेवाचा.) शंभर वर्षांपूर्वीचं पेव थेट सातवाहनांच्या थरात उतरलेलं असू शकतं.

थर गेला तर काय होतं, हे प्रवरेकाठच्या दायमाबादला दिसलं. 1974 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव धातुमूर्ती मिळाल्या. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. त्या वर्षापासून 1979 पर्यंत तिथे नीट उत्खनन झालं, उत्तर हडप्पा काळाचा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाचा थरही मिळाला. पण मूर्ती थरातून नोंद होऊन निघालेल्या नसल्याने त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद राहिला.

प्रत्येक टेकाड पांढरीच असतं असंही नाही. वसईजवळच्या सोपाऱ्याच्या एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो मधोमध खोदला, तर निघाला विटांचा स्तूप. आत दगडी पेटी. तिच्यात एकात एक डब्या, भिक्षापात्राची मानलेली खापरं, सोन्याची फुलं आणि आठ बुद्धमूर्ती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची जगन्नाथ टेकडीही स्तूपच निघाली. वस्तीच्या टेकाडाशी अशा ठिकाणाची गल्लत झाली तर आखणीच चुकते: स्तूपाला मध्य शोधायचा असतो, पांढरीला मध्य नसतो.

टेकाडं संपली ती मात्र राजांमुळे किंवा चोरांमुळे नव्हे, तर बैलगाड्यांमुळे. राखेची, हाडांची, शेणाची माती म्हणजे फुकटचं खत. उन्हाळ्यात शेतकरी ती गाड्या भरभरून रानात टाकत. धाब्याच्या घराला तर तिच्यावाचून चालत नसे. लाकडी तुळया-फळ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती ओली झाली की दाबून बसते, तडकत नाही. दर मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकायची, नाहीतर पहिल्याच झडीत घर गळायचं. देशमुख-पाटलांच्या गढ्यांच्या पुरुषभर जाडीच्या भिंतीही याच मातीच्या. आता त्या गढ्या ढासळत आहेत. पावसाने वरचा लेप धुपलेली अशी भिंत जवळून पाहिली तर तिच्यात जोर्वेची नक्षी, सातवाहनांची वीट, बांगडीची काच आणि बैलाचं हाड शेजारी शेजारी रुतलेलं दिसतं.