नो-लिमिटचा कलर आणि लिमिटचा कलर

पावसाळ्यातला रविवार टिळकवाडीत घरातच जातो. बाहेर धो धो, आत सतरंजीवर पत्ते, पैशांच्या जागी चिंचोके. आमचे पाचही जण फोनवर नो-लिमिट पोकर शिकलेले, आणि आम्ही खेळतो लिमिट, म्हणजे दर वेळी टाकायचा आकडा ठरलेला: सगळ्यांसाठीची पहिली तीन पानं उघडली की दोन-दोन चिंचोके, चौथ्या पानापासून चार-चार. मग दर रविवारी तीच चूक.

नो-लिमिटचं पाठच आहे सगळ्यांना. हातात बदामचा एक्का नि नव्वी, खाली उघडलेल्यांत दोन बदाम; आणखी एक आला की पाच बदाम, म्हणजे कलर. आपल्याकडचं सगळंच पुढे सरकवायचं, समोरचा घाबरून पानं टाकतो. ठीक.

लिमिटमध्ये मधे 16 चिंचोके पडलेले असताना दोनाला कोण घाबरतो? न दिसलेल्या 47 पानांत बदाम नऊ, पुढच्या दोन पानांत कलर पुरा व्हायची शक्यता 35 टक्के. समोर तिघं असतील तर ढिगात नव्यानं पडणाऱ्यातला चौथा हिस्साच तुमचा जातो, म्हणजे फायदा. एकटाच उरला तर निम्मा, म्हणजे तोटा. म्हणजे इथं माणसं पळवायची नाहीत, धरून ठेवायची.

खरी गोची पुढे. तुमची पाळी पहिली. 'पहिली पाळी वाईट, चेक करा, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे द्या' असं डोळे मिटून सांगणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आधी बघा, पानं वाटल्यावर चढवणारा, म्हणजे आकडा वाढवणारा, कुठं बसलाय. त्याची पाळी तुमच्यानंतर लगेच असेल तर तुम्ही दोन टाकताच तो चार करतो, त्याच्या मागून पाळी येणाऱ्या दोघांसमोर एकदम चार येतात आणि ते पानं टाकून उठतात. इथं चेकच करा. तो दोन टाकेल, मागचे दोघं दोन-दोन देतील, मग तुम्ही चार करा. दोन देऊन बसलेला माणूस आणखी दोनासाठी सहसा उठत नाही.

तो सगळ्यात शेवटी असेल तर बरोबर उलटं. चेक केलंत, त्यानं दोन टाकले आणि तुम्ही चार केले, तर मधल्यांना तुम्हीच पळवलंत. तिथं स्वतःच दोन टाका. मधले देतील, तो चार करेल, तुम्ही सहा करा.

चौथं पान बदामचं नाही आलं तर हा जोर संपला. आता 46 पानांत नऊ, जेमतेम 20 टक्के. चढवू नका; द्यायचे आहेत त्याच्या चौपटीहून जास्त ढिगात असेल तरच द्या. आणि हे सगळं एक्क्याच्या कलरचं. पंजी-सत्तीच्या कलरवर उड्या मारणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

गेल्या रविवारी चढवणारा लगेच पुढे बसलेला असताना आमच्या एकानं दोन टाकलेच. चढवणाऱ्यानं चार केले, मागचे दोघं उठले. मी म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक कशाला पळवालायस?" शेवटच्या पानाला बदाम लागला तेव्हा पठ्ठ्या नाचला. चौथं पान उघडताना ढिगात 24 होते, आधी चेक केलं असतं तर 32 झाले असते. उरलेले आठ मागच्या दोघांपुढे तसेच पडून होते.