पेट-सीटी : एका पलंगावर आलेली दोन यंत्रे

पुण्यात एखाद्या घरी ‘डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितलाय’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला आधी पोट आठवते. प्रत्यक्षात हे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीचे लघुरूप असून पोटाशी त्याचा खास संबंध नाही. मराठीतले ‘पेट घेणे’ त्याला अधिक शोभते, कारण या चित्रात रोगाच्या जागा खरोखरच पेटल्यासारख्या दिसतात.

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या क्ष-किरणांवर चालणाऱ्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. सीटीवरून गाठ कुठे आणि केवढी हे कळते, पण ती जिवंत आहे की उपचारानंतर उरलेला नुसता व्रण, हे अनेकदा कळत नाही. पेटचे नेमके उलटे. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक ओढतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले होते. त्या आधारावर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, १९७६ मध्ये प्रथम माणसाला टोचण्यात आली. ठिपका उजळू लागला. तो आतड्यातला की शेजारच्या लसिका ग्रंथीतला, हे मात्र धूसर चित्रावरून ठरेना.

मग दोन फिल्म शेजारी लावून अंदाज बांधणे आले. संगणकाने चित्रे जुळवण्याचा उपाय मेंदूपुरता चालला, कारण कवटी आकार बदलत नाही. पोटात मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आतडी सरकलेली असत आणि मूत्राशय कमीअधिक भरलेले असे. डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी रुग्णाला उठवायचेच नाही, असे ठरवले. १९९८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात बसवलेल्या त्यांच्या नमुना यंत्रात एकाच पलंगावर दोन्ही चित्रे घेता येऊ लागली. माझ्या मते या शोधातली खरी करामत पलंगाचीच.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली असे किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारा वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. त्यामुळे मुंबईहून पुण्याकडे निघालेली कुपी बोरघाटातल्या कोंडीत अडकून साडेतीन तासांनी पोहोचली, तर तिच्यात जेमतेम चौथा हिस्सा उरतो. इकडे रुग्ण सकाळपासून उपाशी असतो, आणि इंजेक्शननंतरही त्याला तासभर निवांत पडून राहायला सांगतात, कारण हालचाल केली तर ती साखर स्नायूच घेऊन टाकतात.

क्षयाची गाठही तशीच पेटते. म्हणून ठिपका उजळला तरी आपल्याकडचे डॉक्टर बहुधा आधी बायोप्सी मागतात.