गणती किनाऱ्यावरच का थांबते?

डिसेंबरात गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे कुरव (सीगल) लागतात. प्रवासी गाठिया उधळतात, मोबाइल निघतात. त्यातले बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव, लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण आटोपून आलेले. (नावातलं तपकिरी डोकं मुंबईकरांच्या वाट्याला फारसं येत नाही; थंडीत ते पांढरं पडतं, डोळ्यामागे काळा ठिपका तेवढा राहतो.)

हे पक्षी मोजण्याची आपली सवय जमिनीवरची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. पण मोजणारा उभा असतो शिवडीच्या चिखलाकाठी, दुर्बीण लावून. भर समुद्रातल्या पक्ष्यांची गाठ पडते ती उलट पावसाळ्यात, एखादा मास्क्ड बूबी वादळात थकून किनाऱ्यावर येऊन पडतो तेव्हा. तो सापडला म्हणजे नोंद झाली, गणती नव्हे.

समुद्रात जाऊन मोजण्याची पद्धत रुजली ब्रिटनच्या पूर्वेकडच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी), आणि तिच्यामागे तेल होतं. मार्च १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढला, लाखभर टनांहून अधिक कच्चं तेल सांडलं, हजारो पक्षी मेले. पुढे उत्तर समुद्रात तेलविहिरी वाढल्या, तेव्हा कुठल्या पट्ट्यात कधी किती पक्षी असतात हे आधीच माहीत हवं, असं ठरलं. १९७९ मध्ये ब्रिटनने त्यासाठी खास पथक नेमलं. जहाज सरळ रेषेत चालतं, निरीक्षक एका बाजूचा ३०० मीटरचा पट्टा धरतो. पाण्यावर बसलेले सगळे मोजायचे. उडणारे मात्र ठरावीक अंतराने, फोटो काढल्यासारखे, त्या क्षणी पट्ट्यात असतील तेवढेच. नाहीतर वेगाने उडणारे पक्षी आकडा फुगवतात. जहाजामागे लागलेले पक्षी तर घनतेच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती पक्षी या, हिशेबात धरतच नाहीत.

म्हणजे मांडव्याच्या लाँचमागचे आपले सगळे कुरव बाद! ससून डॉकच्या ट्रॉलरवरून मोजायचं तरी अडचण तीच, जाळं ओढलं की भोवती गर्दी होते.

तेल आपल्याकडेही आहे. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं, कांदळवनांपर्यंत पोचलं. तो ऑगस्ट होता. थंडीतले कुरव अजून यायचे होते.