अकरावीच्या वहीतला डॉक्युमेंट डॉट राइट

कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या अकरावीतल्या पोराची आयटीची वही चाळा. जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या प्रोग्रामिंग भाषेच्या पहिल्या पानावर बहुधा डॉक्युमेंट डॉट राइट, म्हणजे पानावर मजकूर लिहिणारा आदेश, असतो. मागोमाग अलर्ट, इनर एचटीएमएल आणि कन्सोल डॉट लॉग. आउटपुट दाखवायचे चार मार्ग म्हणून पोरं ते पाठ करतात, पण त्यांच्या वयांत दहा वर्षांचं अंतर आहे.

राइट आणि अलर्ट हे थोरले. मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. पान एकदा दिसलं की त्यातला मजकूर बदलायची सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. फॉर्मच्या रकान्यात काही भरता येई, एवढंच. मग लिहायचं ते पान येत असतानाच. चिऱ्याची भिंत रचताना मधे आपला एक चिरा बसवावा, तसं. घर पुरं झाल्यावर, म्हणजे पान पूर्ण आल्यावर, राइट चालवलात, तर तो आधी सगळं घर पाडतो आणि मोकळ्या जागेत तुमचा एकच चिरा ठेवतो. बटण दाबल्यावर पान कोरं का झालं, हे कोडं प्रत्येक बॅचला पडतं ते यामुळेच.

अलर्टचं, म्हणजे पडद्यावर सूचनेची छोटी खिडकी उघडणाऱ्याचं, एकच सांगतो. २०२१ मध्ये क्रोमने पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीतून येणारे अलर्ट बंद केले, तर प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांनीच ओरड केली आणि क्रोमला माघार घ्यावी लागली.

इनर एचटीएमएल आला १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ या ब्राउझरमधून. उभ्या घरातला नेमका एक चिरा बदलण्याची सोय ती ही. पुढच्याच वर्षी, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्या १९९८ मध्ये, पानाच्या रचनेचं पहिलं प्रमाण, डॉम, जाहीर झालं. गंमत अशी, की इनर एचटीएमएल त्यात नव्हताच. तरी सगळे ब्राउझर तो वापरत राहिले.

कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधली संदेश दाखवणारी पट्टी, रुळला तो फायरफॉक्स ब्राउझरला जोडायच्या फायरबगमुळे, २००६ पासून. तो प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी, पान बघणाऱ्यासाठी नव्हे. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ-१२ दाबा, दिसेल. पण घरी सराव करायला ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याने एफ-१२ कुठे दाबायचं? तिथे तो थोरला राइटच अजून उपयोगी पडतो.