शेवट कोणाच्या हातात? ‘वेलकम टू द डॉलहाउस’ आणि त्याआधीची चाळीस वर्षं

न्यू जर्सीच्या उपनगरातलं एक जेवणाचं टेबल. सातवीतल्या डॉनने अंगणातली आपली खोपटी पाडायला नकार दिलाय. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी आहे, त्यासाठी ती जागा हवी आहे. आई वाद घालत नाही. डॉनच्या वाटणीचा चॉकलेट केक उचलते आणि मोठा मार्क व धाकटी मिसी यांना वाटून टाकते. दोघं निवांत खातात, डॉन बघत बसते. टॉड सोलोंड्झच्या ‘वेलकम टू द डॉलहाउस’मधला (१९९५) हा प्रसंग बघताना आधी हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो याची लाज वाटते. ब्लॅक कॉमेडी म्हणतात ती एवढीच. तिला प्रेत लागतंच असं नाही, केकचा तुकडाही पुरतो.

‘काळा विनोद’ हा शब्द रूढ केला फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने, १९४० च्या आपल्या संकलनातून. साहित्यात तो लवकर रुळला. अमेरिकी सिनेमात मात्र बिथरलेली मुलगी आणि फाटलेलं घर एकत्र आणून त्यावर हसायची सोय बराच काळ नव्हती. असे विषय कोणाला सुचत नव्हते म्हणून नव्हे. घोडं अडायचं ते शेवटाच्या रिळात. मुलीला शिक्षा व्हायची, सुधारणा व्हायची, की दोन्हींपैकी काहीच नाही, आणि हे ठरवणार कोण? या चित्रप्रकाराचा सगळा इतिहास या एका भांडणाभोवती फिरतो.

हॉलिवूडची निर्मितीसंहिता, म्हणजे ‘हेज कोड’, १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून कडकपणे लागू झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या किंवा पापाच्या बाजूला झुकता कामा नये, ही एक. विवाह आणि घर या संस्थांचं पावित्र्य जपलं गेलं पाहिजे, ही दुसरी. घर हेच मुळात मुलीच्या दुखण्याचं कारण आहे असं दाखवायचं, तर दोन्ही कलमं एकदमच मोडतात.

ती कलमं प्रत्यक्षात काय करत, हे ‘द बॅड सीड’मध्ये (१९५६) उघड दिसतं. विल्यम मार्चची कादंबरी १९५४ ची, मॅक्सवेल अँडरसनचं नाटकही त्याच वर्षीचं. रोडा ही आठ वर्षांची, दोन वेण्यांची, अदबशीर मुलगी थंड डोक्याने खून करते. नाटकात आई मरते आणि रोडा सहीसलामत राहते. पडदा पडतो तेव्हा प्रेक्षकाच्या पाठीतून शिरशिरी जाते ती त्यामुळेच. सिनेमात हे चालणार नव्हतं. मग दिग्दर्शक मर्विन लरॉयच्या चित्रपटात आई वाचते आणि रोडा भर वादळात धक्क्यावर गेली असताना तिच्यावर वीज कोसळते. खुनी लहान मुलीला कोर्टात उभं करता येत नाही, मोकळं सोडता येत नाही, तेव्हा निसर्गालाच कामाला लावलं. एवढ्यावरही भागलं नसावं. शेवटी नाटकातल्यासारखी कलाकारांची ओळखपरेड आहे आणि तिच्यात आईची भूमिका करणारी नटी रोडाला मांडीवर पालथी घालून फटके देते. हा चित्रपट विनोदी म्हणून केलेला नव्हता. पण ते फटके आज पाहिले तर सगळ्या चित्रपटातली सर्वांत काळी कोटी तीच वाटते, आणि ती नियमांच्या धाकाने झालेली आहे.

१९६८ च्या नोव्हेंबरात संहिता गेली आणि तिच्या जागी वयानुसार प्रमाणपत्रं आली. त्याच वर्षी ‘प्रिटी पॉयझन’ हा नोएल ब्लॅकचा चित्रपट आला. मॅसॅच्युसेट्समधलं गाव, शाळेच्या कवायत-पथकातली गोरीगोमटी सू अ‍ॅन (ट्यूसडे वेल्ड), आणि तिला आपण गुप्तहेर आहोत अशा थापा मारणारा डेनिस (अँथनी पर्किन्स). वेडा तो वाटतो, पण खरी धोकादायक ती निघते. स्वतःच्या आईला गोळी घालते, डेनिसला तुरुंगात पाठवते आणि शेवटी पुढचा बकरा हेरायला लागते. वीज वगैरे काही कोसळत नाही. चित्रपट चालला नाही, पण लोरेंझो सेंपल यांच्या पटकथेला न्यूयॉर्कच्या समीक्षकसंघाचा पुरस्कार मिळाला.

नव्या व्यवस्थेत एक गंमत दडलेली होती. अशा चित्रपटांच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘आर’ प्रमाणपत्र येतं. सतरा वर्षांखालच्यांना पालक किंवा सज्ञान जबाबदार व्यक्ती बरोबर असेल तरच प्रवेश. म्हणजे आईबाप हेच दुखणं आहे असं सांगणारा चित्रपट मुलीने बघायचा कोणाबरोबर, तर आईबापांबरोबर! डॉनच्या वयाच्या मुलींना ‘डॉलहाउस’ थिएटरात एकट्याने बघता येत नव्हता. या चित्रपटांचं खरं आयुष्य व्हिडिओ कॅसेटवर गेलं त्यात या नियमाचा वाटा मोठा.

ऐंशीच्या दशकात जॉन ह्यूजने किशोरवयीनांचा सिनेमा जोरात चालवला. त्याच्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये (१९८४) घरचे मुलीचा सोळावा वाढदिवसच विसरतात. सुरुवात झणझणीत आहे, पण शेवटापर्यंत बाबा माफी मागतात, आवडता मुलगा मिळतो आणि केकही मिळतो. घर थोडं विसराळू आहे एवढंच, मूळचं चांगलं आहे. पुढच्या पिढीतले लेखक याच गोडव्याला वैतागलेले होते.

त्यांतला एक डॅनियल वॉटर्स. लॉस एंजलिसमध्ये व्हिडिओच्या दुकानात काम करता करता त्याने ‘हेदर्स’ लिहिला, तोही स्टॅन्ली क्यूब्रिकने दिग्दर्शित करावा अशी उमेद धरून. पहिला खर्डा दोनशे पानांच्या घरात गेलेला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा ढोबळ हिशोब असतो, तेव्हा ते सव्वातीन तास झाले. क्यूब्रिक अर्थातच मिळाला नाही. निर्माती डनीझ डी नोव्ही, दिग्दर्शक मायकेल लेमन, कंपनी न्यू वर्ल्ड, आणि खर्चाला सुमारे ३० लाख डॉलर. विनोना रायडर तेव्हा सोळा वर्षांची. नायिका व्हेरोनिकाची भूमिका घेऊ नकोस म्हणून एजंटने विनवण्या केल्याचं तिने पुढे सांगितलंय.

कथा अशी की शाळेतल्या दादागिरी करणाऱ्या मुलामुलींना व्हेरोनिका आणि तिचा मित्र जे. डी. संपवतात आणि त्या आत्महत्या भासवतात. मग सगळी शाळा दुःखाचा सोहळा मांडते. चित्रपटाचा खरा रोख मरणावर नाही, या सोहळ्यावर आहे. जिवंतपणी जिला सगळे टरकून होते तिच्यात मेल्यावर सगळ्यांना अथांग खोली सापडते.

घरं कशी दाखवलीत ते नीट बघण्यासारखं आहे. व्हेरोनिकाचे आईवडील अंगणात बसलेले असतात, ‘पाते’ हा वाटलेल्या मांसाचा फ्रेंच पदार्थ खातात, बाबा तोच प्रश्न विचारतात, ती तेच तिरकं उत्तर देते. हा प्रसंग चित्रपटात पुन्हा येतो, संवादांचा साचाही तोच. मधल्या काळात माणसं मेली आहेत आणि अंगणात काहीही हललेलं नाही. जे. डी.च्या घरी याच्या उलट. इमारती पाडायचा धंदा असलेला बाप आणि मुलगा एकमेकांचे संवाद बोलतात. बाप मुलासारखं ‘बाबा, आज कामावर दिवस कसा गेला’ विचारतो आणि मुलगा बापाच्या सुरात बोलतो. सुरुवातीला हा घरगुती चावटपणा वाटतो. बाप पाडत असलेल्या इमारतीत आई जाणूनबुजून शिरली होती हे कळल्यावर तोच खेळ अंगावर येतो. खेळ तसाच आहे, फक्त आपल्याला एक माहिती वाढलेली आहे. ही युक्ती पुढे अनेकांनी उचलली आणि बहुतेकांची फसली, कारण ते ती माहिती आधीच देऊन टाकतात.

भाषेतही वॉटर्सचा हिशोब पक्का होता. खरी शाळकरी बोली दोन वर्षांत शिळी होते, म्हणून त्याने स्वतःच बोली रचली. ह्यूजच्या नायिकांची भाषा आज जुनी वाटते, ‘हेदर्स’मधल्या मुलींची वाटत नाही, कारण तसं कधी कोणी बोलतच नव्हतं.

आणि मग तोच तंटा, शेवटाचा. वॉटर्सच्या मूळ शेवटात शाळा स्फोटात उडते आणि स्वर्गात प्रॉम, म्हणजे शाळेचा नाचाचा सोहळा, भरतो, छळणारे आणि छळलेले सगळे एकत्र नाचतात. न्यू वर्ल्डने नकार दिला. पडद्यावर जे. डी. एकटाच स्वतःच्या बाँबने उडतो, काजळी माखलेली व्हेरोनिका सत्तेची खूण असलेलं लाल स्क्रंची (केसांना बांधायचं कापडी रबर) काढून घेते आणि शाळेने टाकलेल्या मार्थाला व्हिडिओ बघायला बोलावते. हा शेवट वाईट नाही, पण आधीचा दीड तास ज्या तिखटपणाने गेला त्यापुढे तो गुळमट आहे. नुसत्या बोलावण्याने शाळा सुधारेल हे त्या चित्रपटालाच पटलेलं दिसत नाही. मार्च १९८९ मध्ये तो अमेरिकेत लागला तेव्हा न्यू वर्ल्ड आर्थिक अडचणीत होती आणि तिकीटबारीवर जमले ११ लाख डॉलरच्या आसपास. खर्चही निघाला नाही. नाव झालं ते पुढे, कॅसेटवर.

अशा चित्रपटात खऱ्या वयाची मुलगी घेणं हे एक स्वतंत्र प्रकरण असतं. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे शाळेच्या दिवशी सोळा-सतरा वर्षांच्या नटीला सेटवर दहा तास ठेवता येतं. त्यात काम सहा तास, शिक्षण तीन तास आणि विश्रांती एक तास. नऊ ते पंधरा वयात हेच काम पाच तासांवर येतं. सेटवर शिक्षक ठेवावा लागतो आणि मुलाला त्रास होतोय असं वाटलं तर तो काम थांबवू शकतो. जवळपास प्रत्येक दृश्यात असलेली नायिका दिवसाला पाच-सहा तासच मिळत असेल तर वेळापत्रक वाढतं, पैसे वाढतात. म्हणून निर्माते विशीतली नटी उभी करतात. ट्यूसडे वेल्ड ‘प्रिटी पॉयझन’च्या वेळी पंचविशीच्या आसपास होती. किंमत पडद्यावर मोजावी लागते, कारण विशीतली नटी अपमान झेलताना सावरलेली दिसते आणि बारा वर्षांची मुलगी सावरू शकत नाही.

हेदर मॅटराझो ‘डॉलहाउस’च्या वेळी बाराच्या आतबाहेर होती. सोलोंड्झचा पहिला मोठा चित्रपट १९८९ मध्ये पडला होता. नंतर त्याने सिनेमा सोडून स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचं काम धरलं. परतला तो सुमारे ८ लाख डॉलरच्या या चित्रपटासह. अमेरिकेत त्याने ४५ लाखांच्या वर मिळवले आणि १९९६ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं.

या चित्रपटात डॉन गरीब बिचारी नाही, हेच त्याचं मर्म. शाळेत तिला मिळालेल्या शिव्या ती घरी येऊन मिसीला देते. पार्टीच्या व्हिडिओत मिसीने तिला पाण्यात ढकलल्याचं बघून अख्खं घर हसतं, तेव्हा ती रात्री उठून हातोडीने ती कॅसेट फोडते आणि तीच हातोडी घेऊन क्षणभर झोपलेल्या बहिणीजवळ उभी राहते. पुढे आईचा एक निरोप ती मुद्दाम पोचवत नाही आणि मिसी पळवली जाते. इथे दोन सोपे रस्ते होते, डॉनला अपराधी ठरवून शिक्षा द्यायची किंवा बहिणीला शोधून आणणारी नायिका करायचं. सोलोंड्झ दुसरा रस्ता दाखवतो आणि हुलकावणी देतो. डॉन न्यूयॉर्कला जाते, रस्त्यावर रात्र काढते, घरी फोन करते, आणि कळतं की मिसी सापडलीसुद्धा. डॉन घरात नाही, हे तोवर आईच्या गावीही नसतं.

मार्कचं पात्र या घराची किल्ली आहे. तो गॅरेजमध्ये बँड चालवतो ते संगीताच्या ओढीने नाही, कॉलेजच्या अर्जावर एक ओळ वाढावी म्हणून. आठवीत तरी बरं होईल का, असं डॉन विचारते तेव्हा तो तिला खोटा धीर देत नाही. पुढेही नावं ठेवतील, फक्त तोंडावर जरा कमी, असा त्याचा हिशोब. सगळ्या चित्रपटात डॉनशी कोणी इतकं प्रेमाने बोलत नाही. शेवटी ती डिस्ने वर्ल्डच्या सहलीच्या बसमध्ये, शाळेचं गाणं इतरांबरोबर म्हणत बसलेली दिसते. शिक्षा नाही, सुधारणा नाही.

हॉलिवूडच्या मोठ्या पैशांतही शेवटाची ओढाताण चुकली नाही. ‘अमेरिकन ब्यूटी’च्या (१९९९) पटकथेत खटल्याची चौकट होती. बापाच्या खुनासाठी जेन आणि तिचा मित्र दोषी ठरतात. ही दृश्यं चित्रितही झाली होती, सॅम मेंडीसने ती संकलनात काढली. त्या चौकटीची एक खूण मात्र उरली. चित्रपट उघडतो तोच मुळी जेन व्हिडिओत बापाला मारण्याविषयी बोलते तिथे. खटला गेला आणि तो पुरावा तेवढा मागे राहिला.

१९९९ च्या एप्रिलात कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि ‘हेदर्स’सारखी पटकथा कोणत्याही स्टुडिओच्या टेबलावर नुसती ठेवणंही अवघड झालं. ‘हेदर्स’वरची दूरदर्शन-मालिका मार्च २०१८ मध्ये यायची होती. फेब्रुवारीत पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. मालिका पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबरमध्ये काटछाट होऊन आली.

सोलोंड्झने मात्र स्वतःच आपल्या शेवटाशी भांडण मांडलं. ‘पॅलिंड्रोम्स’ (२००४) सुरू होतो तो डॉनच्या अंत्यविधीने. तिने जीव दिलेला असतो. बारा वर्षांनी ‘वीनर-डॉग’मध्ये ती पुन्हा जिवंत, ग्रेटा गर्विगच्या रूपात, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. मारायला आणलेला डॅक्सहुंड जातीचा एक कुत्रा ती चोरते आणि शाळेत तिला छळणाऱ्या ब्रँडनच्या गाडीत बसून ओहायोच्या वाटेला लागते. ती मेल्याचा उल्लेख कोणी करत नाही.